उतरत्या विमानाची अतिरिक्त उंची

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले एक लहान एकपंखी विमान अहमदाबादमार्गे मुंबईस आले व जुहूच्या मैदानावर उतरले. चालक होते जे. आर. डी. टाटा. त्यांच्या टपाल-विमानसेवेचा आरंभ याच दिवसापासून मानला जातो. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत हा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. आणि पुण्यात विमान उतरविण्यास जागा मिळाली ती येरवड्याच्या तुरुंगालगतच्या एका मैदानात. लोहगावचे हवाई दलाचे स्थानक १९३९ सालचे. तोवर पुण्याची ‘धावपट्टी’ म्हणजे हे मैदानच होते.

त्या विमानाचे नाव ‘पस मॉथ’. त्याच्या रचनेतील एका बारीकशा गोष्टीकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे. त्याच्या चाकांच्या उभ्या दांड्यांवर हवेचा रोध कमी करण्यासाठी सुबक आवरणे बसविलेली होती, आणि ही आवरणे चालकास आपल्या जागेवरून नव्वद अंशांत फिरविता येत. फिरविली की जे आवरण रोध कमी करीत होते तेच वाऱ्यास आडवे होऊन रोध वाढवी. प्रश्न असा की, अतोनात परिश्रम घेऊन विमान गुळगुळीत व निसरडे केल्यावर त्याच विमानात रोध वाढविण्याची सोय करण्याची बुद्धी कारागिरांस का झाली असावी?

याचे उत्तर असे की, चांगले विमान उतरावयास तयार नसते. त्यापूर्वीची दुपंखी विमाने तारा, खांब व उघडी आसने यांच्या जंजाळामुळे इंजिन मंद करताच दगडासारखी खाली येत. बंद खोलीचे, एका पंखाचे ‘पस मॉथ’ मात्र इंजिन मंद केल्यावरही दूरवर तरंगत जाई. मैदान लहान आणि विमान थोडे उंच, म्हणजे मैदान पायांखालून निघून जाणार! आजही लहान विमानांच्या शिक्षणात ‘उंच येणे’ हा विद्यार्थ्याचा नित्याचा दोष आहे. त्याचा उपाय विद्यार्थ्यास सहज सुचतो तो बहुधा चुकीचा असतो, ही त्यातील खरी शास्त्रीय गंमत आहे.

प्रथम ‘उंच’ म्हणजे काय ते ठरवू. उतरणीचा रूढ मार्ग क्षितिजाशी सुमारे ३ अंशांचा कोन करतो. म्हणजे १९ मीटर पुढे जाताना विमान १ मीटर खाली येते. लोहगावच्या धावपट्टीकडे पश्चिमेकडून येणाऱ्या विमानाचा विचार करा. धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून दापोडी-कासारवाडीचा भाग ढोबळ मानाने ८ किलोमीटरांवर पडतो. ३ अंशांच्या मार्गावर तेथे विमान धावपट्टीच्या पातळीहून सुमारे ४२० मीटर उंच असावयास हवे. ते त्याहून ३० मीटर, म्हणजे अवघे शंभर फूट, उंच असले आणि चालकाने काहीही न करता तोच उतार कायम ठेविला, तर ते ठरल्या जागेच्या सुमारे ५७० मीटर पुढे टेकेल. मोठ्या विमानतळावर हे अंतर उधळपट्टी म्हणून सोडून देता येते. परंतु एखाद्या लहान पट्टीवर तेच अंतर पट्टीच्या निम्म्याहून अधिक भरते.

ही गोष्ट चालकास कळते कशी? उपकरणांपेक्षा त्याचा भरवसा डोळ्यांवर असतो. समोरच्या काचेतून पाहिले असता भूमीवरील सर्व बिंदू सरकताना दिसतात. ज्या बिंदूकडे विमान खरोखर जात आहे तो एकच बिंदू स्थिर राहतो. ठरविलेला बिंदू काचेवर खाली-खाली सरकून नाकाखाली दडू लागला, की समजावे आपण त्याच्या पलीकडे जाणार. धावपट्टीची आकृतीही बोलते : उंचावरून ती लांबट व उभट दिसते, खालून आखूड व पसरट. परंतु हे डोळे सवयीचे गुलाम असतात. अरुंद पट्टीवर शिकलेला विद्यार्थी हवाई दलाच्या रुंद पट्टीकडे आला, की ती त्यास जवळ आल्यासारखी वाटते; आपण फार खाली आहो असा भास होऊन तो नकळत विमान उंच ठेवितो. पुढे उतरत जाणाऱ्या पट्टीवरही हाच भास होतो. जेथे पट्टीशेजारी चार दिव्यांची ‘पापी’ नावाची मार्गदर्शक रांग असते (हे नाव मराठी कानास विचित्र लागते, पण त्यास इलाज नाही), तेथे चारही दिवे पांढरे दिसले म्हणजे उंची फार झाली हे निर्विवाद कळते.

आता मुख्य मुद्दा. आपण उंच आहो असे कळताच नवशिका काय करतो? तो नाक खाली दाबतो. विमान धावपट्टीच्या दिशेने सूर मारते, उंची झपाट्याने कमी होते, आणि क्षणभर काम फत्ते झाल्यासारखे वाटते. वस्तुतः काहीच झालेले नसते. उंची ही स्थितिज ऊर्जा आहे. नाक दाबल्याने ती नाहीशी न होता गतिज ऊर्जेत रूपांतरित होते. ६५ नॉट, म्हणजे सेकंदास सुमारे ३३.४ मीटर, वेगाने येणारे विमान रोधाचा विचार न करता ३० मीटर खाली घातले तर त्याचा वेग सेकंदास ४१.३ मीटर, म्हणजे सुमारे ८० नॉट होईल, हे पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थीही काढून दाखवील. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी ऊर्जा वाटेत खर्च होते हे खरे. पण ही बुडी काही सेकंदांचीच असते. उरलेली ऊर्जा घेऊन विमान पट्टीवर येते, चालक नाक उचलतो, आणि विमान जमिनीपासून हातभर अंतरावर तरंगत राहते.

किती वेळ तरंगेल याचा अंदाज करणेही कठीण नाही. उत्थापन व रोध यांचे गुणोत्तर ९ धरले, तर ३० मीटर उंचीइतकी ऊर्जा हवेस देऊन टाकण्यास ३० × ९ म्हणजे २७० मीटर अंतर लागेल. जमिनीलगत पंखांच्या टोकांवरील भोवरे दबले जाऊन रोध आणखी कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर याहूनही वाढते. म्हणजे जे देणे आकाशात फेडावयाचे ते चालकाने धावपट्टीवर आणले, आणि तेथे व्याजाचा दर अधिक आहे! घाईने विमान जबरदस्तीने टेकविण्याचा प्रयत्न झाल्यास पुढचे चाक आधी आपटते, विमान उसळते, आणि पंख्याची पाती जमिनीस लागण्यापर्यंत मजल जाते. लहान विमानांच्या पुष्कळशा मोडतोडीचे मूळ अशा रीतीने पट्टीच्या एक-दोन किलोमीटर अलीकडे असते.

तेव्हा उंची घालविणे याचा खरा अर्थ ऊर्जा घालविणे असा आहे, आणि ऊर्जा घालविण्याचा मार्ग एकच : वेग न वाढू देता रोध वाढविणे. ही गोष्ट एकदा पटली की पुढील सर्व उपाय तिचीच उदाहरणे म्हणून ओळखता येतात.

पहिला उपाय इंजिनाची शक्ती कमी करण्याचा. शक्ती ही विमानास मिळणारी ऊर्जेची आवक. ती थांबविली की रोधाचा खर्च उंचीतून भागू लागतो. उदाहरणापुरते गृहीत धरू की एक लहान विमान इंजिन मंद ठेवून व फ्लॅप मिटलेले असता निर्वात हवेत १ मीटर खाली येताना ९ मीटर पुढे जाते, आणि फ्लॅप पूर्ण उघडल्यावर ६ मीटर. ठरल्या बिंदूपासून २ किलोमीटरांवर त्याची उंची १०५ मीटर असावी, ती १६५ मीटर आहे. थ्रॉटल पूर्ण मागे घेतल्यास ते १६५ × ९ म्हणजे १,४८५ मीटर जाईल, अर्थात बिंदूच्या अलीकडेच पोहोचेल; म्हणून थ्रॉटल अर्धवट मागे घेणेच पुरेसे आहे. पण तीच १६५ मीटर उंची १ किलोमीटरावर असेल तर? मिटल्या फ्लॅपने विमान ४८५ मीटर पलीकडे जाते. पूर्ण फ्लॅपने ते ९९० मीटर जाईल, म्हणजे हिशेब कसाबसा जुळतो. आणि ७०० मीटरांवर असेल तर या दोन्ही साधनांनीही तो जुळत नाही. एकाच चुकीचे तीन वेगवेगळे अर्थ झाले, ते केवळ ती कोठे ओळखली यावरून.

वाऱ्याने हा हिशेब बदलतो. ६५ नॉटांच्या विमानास समोरून १० नॉटांचा वारा असेल तर ९ चे गुणोत्तर जमिनीच्या दृष्टीने ७.६ होते, पाठीमागून असेल तर १०.४. शेवटच्या वळणापूर्वीच्या आडव्या टप्प्यात वारा पाठीशी असला की विमान तो टप्पा भरकन ओलांडते, उंची कमी करण्यास वेळच उरत नाही, आणि विद्यार्थी सरळ मार्गावर येतो तोच उंच. दोष दिसतो शेवटी, घडतो आधी.

पुण्याच्या उन्हाळ्याचाही येथे विचार केला पाहिजे. लोहगावची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर आहे. एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांवर गेला असता तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेच्या सुमारे ८६ टक्के भरते. वेगमापक ६५ नॉट दाखवितो तेव्हा खरा वेग ७० नॉट असतो. आणि टेकल्यावर जिरवावयाची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. शिवाय दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यांवरून व पत्र्याच्या छपरांवरून हवेचे स्तंभ वर चढतात. पिंपरी-चिंचवडच्या बाजूने येणारे हलके विमान कारखान्यांच्या छपरांवर अकारण उचलले जावे, आणि मुळा-पवनेच्या पात्रावर येताच खाली बसावे, हे भौतिकशास्त्रास धरूनच आहे. अशा वेळी चालकाने केलेला हिशेब बरोबर असूनही उत्तर चुकते.

फ्लॅपविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ते उघडणे हा एकेरी रस्ता आहे. फार उंच म्हणून पूर्ण उघडले, मग विमान फार खाली जाऊ लागले म्हणून चटकन मिटले, तर पंखांचे उत्थापन एकदम घटून विमान आणखी खाली बसते. म्हणून जाणते शिक्षक ते टप्प्याटप्प्याने उघडावयास सांगतात.

फ्लॅप नव्हते तेव्हा काय करीत? टाटांनी १९२९ साली मुंबईच्या फ्लाइंग क्लबात ज्या ‘जिप्सी मॉथ’ जातीच्या विमानांवर धडे घेतले, त्यांस फ्लॅप नव्हते. तेथे वैमानिकांचे शस्त्र होते ‘स्लिप’. ही युक्ती इतकी साधी व इतकी शास्त्रशुद्ध आहे की तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य होईल. एलेरॉनच्या साह्याने एक पंख खाली झुकवावयाचा आणि त्याच वेळी रडर, म्हणजे शेपटीवरील उभे सुकाणू, विरुद्ध बाजूस दाबावयाचे. झुकलेला पंख विमानास एका बाजूस नेऊ पाहतो, सुकाणू दुसऱ्या बाजूस; परिणामी विमानाचा मार्ग सरळच राहतो, पण नाक मार्गाशी तिरपे होते. सुबक नाकाऐवजी आता विमानाची सबंध कूस वाऱ्यास सामोरी येते. रोध एकदम वाढतो, वेग मात्र वाढत नाही, आणि विमान उभ्या जिन्यावरून उतरावे तसे खाली येते. काम झाले की दोन्ही सुकाणू सोडावयाचे. विमान पुन्हा सरळ व निसरडे. हव्या त्या क्षणी सुरू करावा व हव्या त्या क्षणी थांबवावा असा हा रोध आहे, आणि येथेच तो फ्लॅपहून सरस ठरतो. आडवा वारा असल्यास वाऱ्याकडील पंख झुकवावा. वेगमापकाचे स्थिर दाब घेणारे छिद्र विमानाच्या एकाच कुशीस असल्यास त्या वेळी त्याचा आकडा फसवा असतो. म्हणून वेग नाकाच्या ठेवणीवरून सांभाळावा लागतो. काही जातींच्या विमानांत पूर्ण फ्लॅपसह स्लिप टाळावी अशी निर्मात्याची सूचना असते, कारण त्या स्थितीत शेपटीवरील प्रवाह बिघडून विमान डोलू शकते. त्या त्या विमानाची पुस्तिका वाचल्याविना हा प्रयोग करू नये, हे सांगणे नलगे.

ही युक्ती केवळ खेळण्यासारख्या विमानांची नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन पाउंड व किलोग्रॅम यांच्या घोटाळ्यामुळे अर्ध्या वाटेत संपले. कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांनी ते निरिंजिन विमान गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या पट्टीवर आणले, पण शेवटी ते फार उंच आहे असे आढळले. फेरी मारण्यास शक्ती नाही, मोठे फ्लॅप उघडण्यास पुरेसा दाब नाही. पिअर्सन हे हौशी ग्लायडर-चालक होते. त्यांनी त्या अवाढव्य विमानाची स्लिप केली. विमानातील ६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही.

ग्लायडरचा उल्लेख आलाच आहे, तर पुण्याच्या वाचकास हडपसरचे ग्लायडर केंद्र आठवल्याशिवाय राहणार नाही. ग्लायडरचालकास चुकल्यावर पुन्हा वर जाण्याची सोय नसते. त्याचे गुणोत्तर लहान विमानाच्या कित्येक पट, म्हणजे उंचीची चूक तितक्याच पटींनी लांबते. यावर तोडगा पंखांतून वर येणाऱ्या फळ्यांचा, म्हणजे एअरब्रेकचा. त्यांचा वापर कसा शिकवितात हे पाहण्यासारखे आहे : शेवटच्या टप्प्यावर मुद्दाम थोडे उंच यावयाचे आणि ब्रेक निम्मे उघडे ठेवावयाचे. विमान उंच वाटले तर ते अधिक उघडता येतात, खाली वाटले तर मिटता येतात. चूक दोन्ही दिशांनी दुरुस्त होईल अशी जागा आधीच राखून ठेवणे हे या पद्धतीचे मर्म आहे. इंजिनाच्या विमानातही थोडी शक्ती व थोडे फ्लॅप ठेवून येणारा चालक हेच करीत असतो, फक्त त्यास ते कोणी या शब्दांत सांगितलेले नसते.

नागमोडी वळणे घेऊन मार्ग लांबविणे हाही एक उपाय पुस्तकांत आढळतो. तो उंचावर व दूर असताना ठीक आहे. जमिनीजवळ तो प्रस्तुत लेखकास मुळीच पसंत नाही. धावपट्टीची रेषा ओलांडून गेलेले विमान परत आणताना वळणाच्या आतल्या बाजूचा रडर अधिक दाबण्याचा मोह होतो. स्लिपमध्ये सुकाणू वळणाच्या बाहेर असते, येथे आत. एवढ्या फरकाने वेग कमी असल्यास आतला पंख आधी स्टॉल होतो व विमान गिरकी घेते. तेवढ्या उंचीवर गिरकीतून सुटका नाही.

राहिला शेवटचा उपाय : उतरू नये. पूर्ण शक्ती द्यावी, नाक सांभाळावे, फ्लॅप एकेक टप्पा मिटावेत, आणि वर जाऊन पुन्हा फेरी घ्यावी. कृती सोपी दिसते, तरी पूर्ण शक्ती देताच उतरणीसाठी साधलेले विमान जोराने नाक वर उचलते, ते दाबून धरावे लागते, ही गोष्ट सराव नसलेल्यास धक्का देते. पण खरी अडचण हाताची नसून मनाची आहे. पट्टी समोर दिसत असते, ती अजून पुष्कळ उरली आहे असे वाटते, आणि प्रत्येक सेकंदास माघार अधिक लाजिरवाणी वाटू लागते. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग विमान असेच फार उंच आले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचविले. विमान सुमारे ८,००० फूट लांबीच्या पट्टीच्या आरंभापासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकले, पठाराच्या कडेवरून खाली गेले, आणि १५८ माणसे मृत्युमुखी पडली. विमान मोठे होते, पण चुकीची जात लहान विमानातलीच. म्हणून अनेक शिक्षक आधीच एक रेषा आखून देतात : जमिनीपासून अमुक उंचीवर मार्ग, वेग व रचना स्थिर नसतील, किंवा पट्टीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात चाके टेकणार नसतील, तर विचार न करता वर जावयाचे. विचार न करता, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारण त्या क्षणी केलेला विचार बहुधा उतरण्याच्याच बाजूचा असतो.

येथवर उंचीस दोषच दिला. परंतु पिंपरी-चिंचवडच्या आकाशात तिची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. १९३९ साली लोहगावच्या पश्चिमेस शेते होती. इंजिन बंद पडलेले विमान त्यांत उतरविणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत झाली, आणि ज्या उद्योगसमूहाची टपाल-विमाने एके काळी येरवड्यास उतरत त्याच समूहाच्या टेल्कोनेही पिंपरीत आपला विस्तीर्ण कारखाना घातला. आज त्या बाजूस एकइंजिनी विमानास संकटकाळी उतरावयास मोकळी जागा शोधूनही सापडणे कठीण. ३ अंशांच्या मार्गावर दापोडीपाशी ४२० मीटर उंची असते. ९ च्या गुणोत्तराने निर्वात हवेत ती ३,७८० मीटर पुरेल, म्हणजे इंजिन थांबल्यास विमान पट्टीच्या चार किलोमीटर अलीकडे, घरांवर, येईल. या दृष्टीने तेथे जादा उंची ही चूक नसून विमा आहे. तेथून केवळ तरंगत पट्टी गाठावयाची तर तिच्या पातळीहून जवळजवळ ८९० मीटर उंची हवी, आणि ती असेल तर इंजिन चालू असताना तीच पट्टीजवळ फेडणे आले. या दोहोंतील निवड कोणत्याही एका आकड्याने होत नाही. ती चालकाच्या हाती असलेल्या रोधाच्या साधनांवर अवलंबून असते. ज्यास स्लिप व फ्लॅप यांचा भरवसा आहे त्यास वस्तीवरून उंच येणे परवडते. ज्यास नाही, तो एक तर खाली येऊन घरांवरील धोका पत्करतो, किंवा उंच येऊन पट्टीवरचा.

हीच गोष्ट भूगोलाच्या अंगानेही येते. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी चाकण-राजगुरुनगर परिसराचा विचार अनेक वर्षे चालला होता. अखेर २०१६ साली पुरंदरची निवड जाहीर झाली. डोंगराळ मुलखात धावपट्टीची जागा शोधताना सपाट जमीन मिळणे पुरेसे नसते. तिच्या दोन्ही टोकांपासून कित्येक किलोमीटरपर्यंत ३ अंशांची ती तिरकी रेषा अडथळ्यावाचून काढता आली पाहिजे. वाटेत डोंगराचा माथा आला की विमानास उंच येणे भाग पडते, आणि मग ‘पस मॉथ’च्या कारागिरांपुढे जो प्रश्न होता तोच प्रत्येक उतरणाऱ्या विमानापुढे रोज उभा राहतो.